पुळणीवरची दोरी

९ फेब्रुवारी

आई, हे वाचत असशील तर इथेच थांब. पुढे तुझ्याबद्दल काही नाही, आणि जे आहे ते वाचून तुझं बीपी वाढेल.

कॉलेज सोडलं तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. माझ्याबद्दल भिंतीशी बोलतात. आज जेवताना भिंतीला म्हणाले, "काही लोकांना स्टूल बसायला असतं हे माहीतच नसतं." स्टूल मी सरांच्या अंगावर फेकलं नव्हतं, फळ्यावर फेकलं होतं. पण हा फरक समजून घेण्याची आमच्या घरात कोणाची तयारी नाही.

शेवटी आत्या मध्ये पडली. ती वकील आहे, पण वकिली कमी आणि राखण जास्त करते. राखण म्हणजे तिची संस्था. संस्थेला लांबलचक नाव आहे, ते फक्त लेटरहेडवर. बाकी सगळे 'राखणवाले' म्हणतात. समुद्रकाठच्या ज्या जमिनींवर पक्षी, कासवं, काय काय असतं, त्यांच्या मालकांशी ती करार करते. जमीन मालकाचीच राहते, पण तिच्यावर कधीही काहीही बांधायचं नाही असं तो कायमचं लिहून देतो. उद्या मालक बदलला तरी ते बदलत नाही.

"असं कोण लिहून देईल?" मी विचारलं.

"ज्याचा जीव असतो जमिनीत तो," आत्या म्हणाली. "परवापासून ये. खांब पुरायला, कचरा उचलायला माणूस हवाय. आणि ऑफिसात मला आत्या म्हणायचं नाही."

"मग?"

"मॅडम."

"आणि घरी?"

"घरी काही दिवस तू तोंडच उघडू नकोस."

११ फेब्रुवारी

आज मॅडमबरोबर शिंपीकाकांकडे. बाजारातल्या गल्लीत, चपलांच्या दुकानाच्या डोक्यावर त्यांचं दुकान. जिना इतका अरुंद की खालून कोणी येत असेल तर वरच्याने श्वास रोखून उभं राहायचं. आत काकांचं मशीन, आणि खिडकीशी काजं-बटणं करणारी मावशी.

खाडी आणि समुद्र यांच्या मधली वाळूची अख्खी पट्टी या काकांची आहे. म्हणजे त्यांच्या बायकोची होती. वाटणीच्या वेळी भावांनी विहिरीची जमीन घेतली, रस्त्याकडची घेतली, आणि बहिणीच्या पदरात ही पुळण टाकली. लोक हसले. "ती म्हणायची," काका सांगत होते, "माझ्या जमिनीत तण तर उपटावं लागत नाही." आता त्याच वाळूपुढे बंगले बांधणारी कंपनी गाड्या लावून उभी असते. बायको वारली, मूलबाळ नाही. काकांच्या मागे ती बायकोच्या भाच्याकडे जाणार.

आत्याने करार समजावला. काका ऐकत ऐकत खडूने कापडावर रेघ ओढत होते.

"म्हणजे कापड माझंच, पण कात्री लावायची नाही," ते म्हणाले.

"हो. आणि तुमच्यानंतर ज्याचं होईल त्यानेही नाही."

"हे बेस. तिला आवडलं असतं."

मग माझ्याकडे बघून, "हा कोण?"

"भाचा," आत्या म्हणाली.

"असू दे. भाचे सगळ्यांनाच असतात," काका म्हणाले. मावशी फिसकन हसली. मला राग आला, पण पहिलाच दिवस होता, गिळला.

२० फेब्रुवारी

तिचं नाव इथे लिहिणार नाही. (आई.)

सुरयांचा अभ्यास करायला आली आहे, पूर्ण मोसम राहणार. सुरय म्हणजे पांढरा, काळ्या टोपीचा लहानसा पक्षी. घरटं म्हणून काही बांधत नाही, उघड्या वाळूत खळगा करतो आणि त्यातच अंडी घालतो. माझ्याइतकाच व्यवहारी. दरवर्षी कमी होत चाललेत, कारण उघडी वाळूच कुठे उरली नाही. काकांची पट्टी गेली तर इथले सुरय गेले, असं ती म्हणाली. ती 'गेले' म्हणते तेव्हा खालचा ओठ किंचित आत जातो.

पहिल्या दिवशी मला 'दादा' म्हणाली. मी म्हटलं, काहीही म्हणा, दादा नको. तेव्हापासून 'ए खांबवाल्या' म्हणते. जगात इतका सुंदर शब्द मी ऐकला नव्हता.

दर संध्याकाळी जीपच्या टपावर चढून रेंज शोधते आणि कोणाशी तरी बोलते. हसते, मग गप्प होते, मग "जेवलास का?" विचारते. भाऊ असावा. भावाबहिणीत इतकं प्रेम आमच्या घरात नाही.

३ मार्च

कराराचा कागद तयार झाला. आत्याने काकांच्या हातात दिला. मला वाटलं आत्ताच सही होणार, मी पेनही काढलं. काकांनी कागद कोऱ्या कापडात गुंडाळला आणि म्हणाले, "ठेवून जा. एकदा तिला सांगून येतो, मग करू."

जिना उतरल्यावर मी आत्याला म्हटलं, "बायको जाऊन पाच-सहा वर्षं झाली. सांगायला जाणार कुठे? भिंतीवर फोटो आहे, त्याला सांगा आणि करा सही."

"ए शहाण्या. आपला एकच नियम आहे. जमीन देणाऱ्याच्या मागे लागायचं नाही. का, कधी, केव्हा, एक शब्द विचारायचा नाही. तो कायमचं काही सोडतोय. त्याचा त्याला वेळ घेऊ द्यायचा."

नियम चांगला आहे. माझ्यासारख्याला झेपणारा नाही.

६ मार्च

आज पहिलं घरटं सापडलं! पट्टीच्या मधोमध, भरतीने आणून टाकलेला एक मोठा ओंडका पडलाय, त्याच्यापासून थोड्या अंतरावर. ती बोट दाखवत राहिली, मी "हो, हो, दिसली" म्हणत राहिलो. मला फक्त वाळू दिसत होती. मग एकदम दोन अंडी दिसली आणि अंगावर काटा आला. माझं पुढचं पाऊल त्यांच्यावरच पडणार होतं.

लगेच खांब पुरले, दोरी बांधली. एक टोक तिने धरलं, एक मी. दोरी ताणताना ती मागे मागे जात होती आणि वाऱ्याने तिचे केस सगळे पुढे. मी उगाचच आणखी मागे, आणखी मागे म्हणत गेलो. ओंडकासुद्धा आत आला.

"अरे, एवढी मोठी कशाला?" ती म्हणाली. "तिथे कोणी शांत बसलं तर त्यांना काही होत नाही."

मी म्हटलं, काम करायचं तर अर्धवट नको. ती हसली. हसली म्हणजे पटलं.

पाटी मी रंगवली, लाल अक्षरांत. 'आत पाऊल टाकू नये. येथे पक्ष्यांची अंडी आहेत. कोणाचीही गय केली जाणार नाही. हुकुमावरून.'

"हुकूम कोणाचा?"

"पक्ष्यांचा."

पुन्हा हसली. आज दोनदा.

८ मार्च, रविवार

दोरीवर पहारा. काका आले. इस्त्रीचा शर्ट, बगलेत छत्री, हातात थर्मास आणि पिशवीत दोन कप. एकट्या माणसाला दोन कप कशाला, देव जाणे. रविवारी दुकान बंद असतं, फिरायला येत असावेत.

पाटीपाशी थांबले. चष्मा कपाळावर सरकवून अख्खी पाटी वाचली. मग दोरीकडे, मग ओंडक्याकडे बघितलं. मी जवळ गेलो तर म्हणाले, "कधीपर्यंत असते रे ही दोरी?"

"पिल्लं उडेपर्यंत."

"आणि ती कधी उडतात?"

"दीडएक महिना धरा."

"बरं बरं. काही हरकत नाही."

परत फिरले. खाडीवरच्या पुलाच्या कठड्यावर बसून दुसऱ्या कपातला चहा मला दिला. मी म्हटलं, काका, आज सकाळपासून चौघांना हाकललं, सगळ्यांनी वाद घातला. तुम्ही एकटे निघालात पाटी वाचून वळणारे. ते म्हणाले, "नियम तो नियम."

शिस्त असावी तर अशी. संध्याकाळी आत्याचा फोन आला. "दोरी लावली म्हणे. काकांना सांगितलंस ना नीट?"

"सांगितलं," मी म्हटलं. सांगायचं काय त्यात, पाटी वाचली की त्यांनी.

२ एप्रिल

उधाणाच्या भरतीत अंडी गेली. आमचं घरटं आणि नंतरची दोन. सकाळी जाऊन पाहिलं तर खळगाही नाही, सपाट ओली वाळू. ती गुडघ्यांवर बसून राहिली. मी खांद्यावर हात ठेवणार होतो, तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती तिकडे जाऊन रडली. भावाशी.

मी खांबांना लाथा घातल्या. खांबांची काय चूक होती कोण जाणे.

५ एप्रिल

सुरय पुन्हा बसले! ओंडक्याच्या वरच्या अंगाला, पहिल्यापेक्षा उंचावर. ती म्हणते, अंडी गेली की ते पुन्हा घालतात, रडत बसत नाहीत. हे ती माझ्याकडे बघून म्हणाली.

बाजारात शिंपीकाका भेटले. "काय रे, पिल्लं?" मी सगळं सांगितलं. "अरेरे," म्हणाले. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "म्हणजे पुन्हा दीड महिना."

"वर थोडं."

"बरं."

मला बरं वाटलं. म्हाताऱ्याला पक्ष्यांची एवढी काळजी आहे तर सही आज ना उद्या होणारच.

४ मे

सही नाही. आत्या फाइल टेबलावरून उचलते आणि पुन्हा तिथेच ठेवते. मी म्हटलं, मी जाऊन विचारतो. ती म्हणाली, पाय मोडीन.

१६ मे

आज गेलोच.

झालं असं की काल त्यांच्या दुकानाखाली भाच्याची गाडी दिसली. गाडीत मागे बंगलेवाल्यांचा माणूस. मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी दुकान उघडायच्या आधीच जिन्यावर जाऊन बसलो.

काका आले, मावशी आली, कुलूप निघालं, आणि मी सुरू झालो. म्हटलं, सही करायची नसेल तर तोंडावर सांगा, आत्याला झुलवत ठेवू नका. भाचा काय दाखवतो तुम्हाला, बंगल्याची चित्रं? तुमच्या बायकोला जे सगळे हसले, त्यांच्याच घशात घालणार आहात ती वाळू? काय काय बोललो, सगळं आठवतही नाही.

काका म्हणाले, "इकडे ये. वरचं बटण लोंबतंय."

"बटण गेलं खड्ड्यात."

"जाईलच. म्हणून तर इकडे ये."

सुईत दोरा ओवला आणि माझ्या अंगावरच बटण लावायला घेतलं. "हलू नकोस, टोचेल." त्यामुळे उरलेला राग मला न हलता काढावा लागला. हनुवटी वर करून, छताकडे बघत, मी म्हटलं की तुम्ही भित्रे आहात, आणि भित्र्या माणसांमुळेच जगातलं सगळं चांगलं जातं.

मावशी म्हणाली, "अरे, वय काय तुझं, बोलतोस काय."

"बोलू दे गं," काका म्हणाले. दोरा दाताने तोडला, बटणावरून अंगठा फिरवला, उगाच खांद्यावर वीत टाकून बघितली. "पिल्लं उडाली की सांगायला ये हं मला."

विषय कसा बदलावा हे या माणसाकडून शिकावं. मी धाडधाड जिना उतरून आलो. यांना मी काही सांगायला जाणार नाही.

९ जून

उडाली!

चार पिल्लं. एक वाऱ्यावर नुसतं उभं राहिलं, पंख हलवायचं विसरून, मग धपकन पडलं, मग पुन्हा. संध्याकाळपर्यंत चारही पाण्यावर. ती ओरडत ओरडत वाळूत धावली आणि माझे दोन्ही हात धरून हलवले. "खांबवाल्या, तुझ्यामुळे रे!" उद्या तिला सांगणार. काय सांगायचं ते ठरलंय. चार वाक्यं आहेत.

१० जून

भाऊ नाही.

सकाळी बसने आला. उंच आहे, चांगला आहे, मला म्हणाला, "तुझ्याबद्दल रोज ऐकतो." दोघांचं पुढच्या हिवाळ्यात लग्न आहे. दुसऱ्या किनाऱ्यावर काम मिळालंय दोघांनाही. परवा निघणार.

आई, वाचत असशील तर वाच. आता काय.

१२ जून

सामान मी जीपने स्टँडवर सोडलं. ती म्हणाली, "दोरी काढून ठेव हं, आता गरज नाही. पुढच्या वर्षी लागेल."

१९ जून

आत्याने विचारलं, दोरी काढलीस का. म्हटलं, काढतो.

काढणार नाही. दोरीचं एक टोक तिने बांधलंय. मला गाठ मारता येते, तिला येत नव्हती, तिने नुसतेच वेढे घातलेत, एकावर एक. आज तिथे जाऊन ते वेढे बघत बसलो. राहू दे तशीच. कोणाचं काय बिघडतंय.

२६ जून

ऑफिसला जात नाही. बाबा आज सरळ माझ्याशी बोलले. म्हणाले, "जेव." मला त्याने जास्तच रडू आलं.

३० जून

शिंपीकाका गेले.

आत्याने फोनवर सांगितलं. दुपारी मशीनवर बसले होते, मावशीला म्हणाले जरा पाणी दे, ती वळली तेवढ्यात. मी अंथरुणातच होतो. उठून बसलो आणि पहिला विचार माझ्या मनात आला तो असा: सही राहिली. दुसरा विचार बऱ्याच वेळाने आला. तो काकांचा होता.

संध्याकाळी पोहोचवून आलो. भाच्याने खांदा दिला. माझ्याच वयाचा दिसतो जवळून.

११ जुलै

आत्याने भाच्याला ऑफिसात बोलावलं. मी कोपऱ्यात बसलो होतो, बोलायचं नाही या अटीवर. मला वाटलं होतं गुर्मीत येईल. पण चपला बाहेर काढून आला.

आत्याने सांगितलं, काकांची इच्छा काय होती. तो ऐकत होता. मग म्हणाला, "मॅडम, त्यांनी सही केली असती तर मी ब्र काढला नसता. मी एकदा विचारलंही, तुम्ही राखणवाल्यांना देताय ना, द्या. म्हणाले, बघू. कागद कित्येक महिने त्यांच्याजवळ होता. ज्याला द्यायचं असतं तो एवढा वेळ लावतो का? तुम्हीच सांगा."

मलाही वाटलं, खरंच की. म्हाताऱ्याच्या मनात नव्हतंच.

"मला पैशांची गरज आहे," तो म्हणाला, खाली बघत. "खोटं कशाला बोलू."

तो गेल्यावर मी पहिल्यांदाच काही फेकलं नाही.

१४ जुलै

दुकान रिकामं करतायत. कराराचा कागद तिथेच असणार, घेऊन ये, असं आत्या म्हणाली.

मशीन गेलं होतं. मावशी जमिनीवर बसून बटणं रंगारंगाने वेगळी करत होती. कोणासाठी, कोण जाणे. कागद तिने काढूनच ठेवला होता, त्याच कापडात.

मी म्हटलं, "मावशी, मनात नव्हतं तर पहिल्याच दिवशी नाही म्हणायचं होतं त्यांनी. आम्ही काय खाल्लं असतं का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "कोणाच्या मनात नव्हतं?"

"काकांच्या."

"अरे, तुला कोणी सांगितलं?" मग ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो. पुढे मला त्यात फेरफार करावासा वाटेल म्हणून.

"त्या ओंडक्यावर बसायची दोघं. लग्न झाल्यापासून. तो वाहून गेला की दुसरा, तो गेला की तिसरा. रविवारी चहा घेऊन. ती गेल्यावर हे एकटेच, पण कप दोन. तिची जमीन ती, तिथे बसून तिला सांगायचं आणि मग सही, एवढंच होतं त्यांचं. तर तुमची दोरी आली. मी म्हटलं, तुमचीच जमीन, जा की आत, पोरगं काय अडवतंय. म्हणाले, आपणच राखायला द्यायची आणि आपणच दोरी ओलांडायची, बरं दिसतं का? दर रविवारी पुलापर्यंत जायचे. लांबूनच दोरी बघायचे आणि माघारी. मी सोमवारी विचारायची, काय झालं. म्हणायचे, दोरी आहे अजून. म्हणजे अजून लहान आहेत."

मी विचारलं, "शेवटचं कधी गेले होते?"

"गेले त्याच्या आदल्या रविवारी. दोरी होती ना."

ती बटणं वेचत होती. मी कागद घेऊन जिना उतरलो. मध्येच कोणीतरी वर येत होतं, मला मागे सरायचं सुचलं नाही, त्याने माझी गचांडी धरली. मी कागद तेवढा चुरगळू दिला नाही.

१५ जुलै

दोरी काढली. वेढे लगेच सुटले.

ओंडक्यावर बसावंसं वाटलं. बसलो नाही.

१६ जुलै

आत्याला सांगितलं. घरी, स्वयंपाकघरात, ती भांडी पुसत असताना.

"पण मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "काकांना सांगितलंस ना, म्हणून."

"पाटी वाचली होती त्यांनी. मला वाटलं तेच सांगणं."

"मी म्हटलं होतं सांग म्हणजे, सांग की ही दोरी तुमच्यासाठी नाही. तुम्ही कधीही या."

पिल्लं नऊ जूनला उडाली आणि दोरी पंधरा जुलैला निघाली, हेही सांगितलं. का, तेही सांगितलं. तिने फडकं खाली ठेवलं. मला हवं होतं की तिने मारावं. मी लहान असताना तिने एकदा मारलं होतं, रस्त्यात पळालो म्हणून, तसं. पण ती खुर्ची ओढून बसली. एकदम म्हातारी दिसली.

"मीही विचारलं नाही," ती म्हणाली. "एकदा जाऊन म्हणायचं होतं, काका, काही अडलंय का? एवढंच. पण नाही. नियम माझा. मोठा अभिमान होता मला त्याचा."

मग तिने मला पुसायला ताटं दिली.

२२ ऑगस्ट

विक्री झाली. भाच्याने आत्याला स्वतः येऊन सांगितलं. जाताना माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "त्यांच्याकडे एक निळा शर्ट शिवलेला मिळाला. माझ्या मापाचा नाही. काकांच्याही नाही. तुझा होता का?"

मी म्हटलं, नाही. मी कधी काही शिवायला टाकलं नव्हतं.

"मग असेल कोणाचा," तो म्हणाला.

५ सप्टेंबर

तिचं पत्र आलं. सुरयांबद्दल विचारलंय, आणि काकांची सही झाली का. उत्तर लिहायला बसलो. काका गेले, एवढं लिहिलं आणि पुढे जमेना. 'ए खांबवाल्या' हे शब्द आता वाचले तर नुसते शब्द वाटतात. माणूस किती लवकर बरा होतो, त्याचीच लाज वाटते.

१८ ऑक्टोबर

आज मॅडमबरोबर खाडीच्या अलीकडे. एका आजीची चिखलाची जमीन आहे, ओहोटीला तिथे दूरदेशीचे पक्षी चरायला उतरतात. आजी एकट्या राहतात, दोन कुत्री, एक कोंबडा, आणि संशय. आत्याने करार समजावायला घेतला तर म्हणाल्या, "फुकटात कोणी काही राखत नाही, बाई. तुमचा फायदा सांगा आधी."

आत्या बोलत होती. मी गप्प होतो. हल्ली मला गप्प राहता येतं, बाबांचा विश्वास बसत नाही. मग आत्या श्वास घ्यायला थांबली तेव्हा मी विचारलं, "आजी, या जमिनीत तुम्ही कुठे कुठे जाता?"

"म्हणजे?"

"म्हणजे रोज. कुठे बसता, कुठून चालता."

"बसायला वेळ कोणाला आहे? तू काय बसून खातोस वाटतं." पण काठी टेकत उठल्या. एक पायवाट दाखवली, एक दगड दाखवला, त्यावर धुणं वाळत घालतात. एका झाडाखाली कुत्रा पुरलाय, तिथे अधूनमधून जातात. मी सगळं चालून बघितलं. आत्या मागे उभी होती. सही करतील की नाही, माहीत नाही. आज तरी नाही म्हणाल्या.

परत फिरताना पलीकडून आवाज आला. खाडीपलीकडे पिवळं यंत्र वाळू सारखी करत होतं. ओंडका बाजूला ओढून टाकलेला, मुळं आकाशाकडे. वर दोन-चार पांढरे पक्षी घिरट्या घालत होते, सुरय की आणखी कोण, एवढ्या लांबून कळत नव्हतं.

आजींनी डोळ्यांवर हात धरला. त्यांना फार लांबचं दिसत नाही.

"तिकडे काय होतं रे आधी?" त्यांनी विचारलं.

सुरयांची जागा, असं मी सांगणार होतो. तोंडाशी आलंही होतं.

"तिथे एक शिंपीकाका बसायचे," मी म्हटलं.